मागून येणारा आवाज

मुखेड,
सोमवार

प्रिय शिवमूर्ती,

तुमच्या नावापुढचं 'राव' आज गाळलं आहे. आधी 'श्री. शिवमूर्तीराव यांस सप्रेम नमस्कार' असं लिहिलं, तो कागद फाडला आणि हा दुसरा घेतला. फोन हाताशी असताना ही बाई पत्र का लिहून राहिली, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. फक्त वाचता वाचता पान उलटून शेवट बघू नका. तुमची ती सवय मला ठाऊक आहे.

आधी तुमच्या कामाचं सांगते. जुन्या कॅसेटमधलं पद साफ करून तुम्ही दोन तऱ्हांनी पाठवलंत आणि कोणतं ठेवू म्हणून विचारलंत. नातीनं कानाला हेडफोन लावून दिला आणि आमच्या कापडाच्या दुकानातल्या गादीवर बसून मी दोन्ही ऐकली. पहिल्यात मी कुठल्यातरी भल्यामोठ्या सभागृहात गाते आहे असं वाटतं, आणि ते सभागृह रिकामं आहे. दुसऱ्यात भिंती जवळ आल्यात, आपल्या मठात बसल्यासारखं वाटतं. दुसरं ठेवा. पण त्यातलाही रिव्हर्ब, तो मागं राहणारा घुमारा, जरा उतरवा. शब्द संपल्यावर आवाज थोडा रेंगाळला तर गोड लागतो, पण तो पुढच्या शब्दाच्या अंगावर यायला लागला की अर्थ बुडतो. दुसऱ्या कडव्याआधी मी श्वास घेते, तो आता ऐकूच येत नाही. तो राहू द्या. त्या वयात एवढा मोठा श्वास मी घेत होते, हे मलाही आठवायला बरं वाटतं. आणि ज्या पदांमध्ये हौद आहे त्यांना काही लावू नका. ती जशी आहेत तशीच बरी.

नातीनं विचारलं, "आजी, हौद म्हंजे?" मग तिला सगळं सांगायला बसले. सांगता सांगता लक्षात आलं की त्या उन्हाळ्याची गोष्ट तुम्हाला तुमच्या बाजूनं माहीत आहे, पण माझ्या बाजूनं मी तुम्हालाही कधी सांगितलेली नाही.

लातूर तेव्हा नुकतं जिल्ह्याचं गाव झालं होतं. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या, नव्या जीपगाड्या धुरळा उडवत फिरत होत्या, आणि प्यायला पाणी नव्हतं. आम्ही निलंग्याकडचं गाव सोडून आलो, वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी म्हणून लागले. माझं वय लग्नाचं होतं. पाहुणे येत, चहा घेत, माझ्या हातचं काम बघत, आणि मग कुणीतरी नाव विचारी. 'म' हे अक्षर माझ्या ओठांवर चिकटून बसे. म, म, म, एवढंच. मग वडील घाईघाईनं म्हणत, "महानंदा नाव हाय तिचं." पाहुणे उठून जात. गल्लीतली पोरं तोतरी म्हणायची, त्याचं मला फार वाटत नव्हतं. पण वडील माझ्या ऐवजी बोलले की मला घरात नसल्यासारखं वाटायचं. ते मायेनंच बोलत, म्हणून तर त्यांना थांबवताही येत नव्हतं.

गाताना मात्र मी कधी अडखळले नाही. मठात सोमवारी शरणसंतांची पदं म्हणायला मी पुढं बसायची, तिथंच तुमच्या मामांनी, सिद्रामप्पांनी मला ऐकलं. त्यांचं भोंग्यांचं आणि कॅसेटचं दुकान, आणि मागच्या खोलीत तुम्ही उभारलेलं ते रेकॉर्डिंग. भिंतींना मोंढ्यातली रिकामी पोती ठोकलेली, मध्ये काच, काचेपलीकडं तुमची मशीनं. आई मला घेऊन आली त्या पहिल्या दिवशी मी पद म्हटलं आणि घाबरलेच. आवाज तोंडातून निघाला आणि जागीच मेला. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणालात, "घाबरू नका. इथं आवाज कोरडाच घ्यायचा. घुमवायचं ते मागून ठरवायचं. आधीच घुमलेला आवाज कोरडा करता येत नाही." मी नुसती मान हलवली. तुम्ही मला काही विचारलं की मी मान हलवायची, आणि उत्तर मानेनं देता येईल असेच प्रश्न तुम्ही विचारायचात. ते मुद्दाम होतं, हे मला फार नंतर कळलं.

मठात गाते तसा आवाज कॅसेटवर यावा, असं तुमच्या मनात होतं. ओट्यावरचा, कमानीतून फिरून येणारा. त्यासाठी तुम्ही अंगणातल्या हौदात उतरलात. सिमेंटचा, जमिनीखालचा, शिमग्यापासून ठणठणीत कोरडा. एका टोकाला स्पीकर ठेवला, दुसऱ्या टोकाला माईक, वरून फळ्या. खोलीत घेतलेलं माझं कोरडं पद त्या स्पीकरवर वाजवायचं आणि हौदात घुमून येईल ते माईकनं पुन्हा टेपवर घ्यायचं. स्पीकर भिंतीकडं वळवला की आवाज मऊ व्हायचा, माईक जवळ आणला की शब्द उघडे पडायचे. त्या दुपारी तुम्ही कितीदा आत उतरलात आणि कोळिष्टकं घेऊन वर आलात! वरच्या मजल्यावरच्या भाडेकरीण बाई धावत खाली आल्या, "अगं बया, हौदात बाई पडली अन् गानं म्हनून ऱ्हायली!" माझी आई पोट धरून हसली. गाव सोडल्यापासून ती तशी हसली नव्हती. यासाठीही मी तुमचे आभार कधी मानले नाहीत.

निम्मी पदं झाली आणि एके सकाळी टँकर आला. हौद भरला. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन नाचायच्या बाकी होत्या, सिद्रामप्पांनी नारळ फोडला, आणि तुम्ही पायरीवर गालाला हात लावून बसला होतात. लातुरात पाणी आलं म्हणून तोंड पाडून बसलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

उरलेल्या पदांसाठी मग तुम्ही नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यांकडून ते इको मशीन मागून आणलंत. आत टेपची एक पट्टी गोल फिरायची आणि बोललेलं थोडं उशिरा परत म्हणायची. एका बटणानं ठरायचं आवाज किती उशिरा परत येणार, दुसऱ्यानं किती वेळा येणार, तिसऱ्यानं किती मोठ्यानं. मशीनमधून येणारा आवाज मलाही ऐकू यावा म्हणून तुम्ही माझ्या कानांवर हेडफोन चढवलात. मी गायला लागले आणि तालच चुकला. माझ्याच मागून माझाच आवाज येत होता. तुम्ही काचेपलीकडून विचारलंत, "त्रास होतोय का?" आणि मी म्हणाले, "गाताना होतो. मागून कुनीतरी माझंच म्हनून ऱ्हायलंय असं वाटतंय."

ते वाक्य मी सबंध बोलले होते. कुठंही न अडता. हे मला कळायच्या आधी तुम्हाला कळलं. तुमचा हात बटणावर तसाच राहिला. आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती, तिच्या हातातला कापूस खाली पडला. तुम्ही काही आश्चर्य दाखवलं नाही, कौतुक केलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही. साध्या आवाजात विचारलंत, "तुमचं नाव काय?" गेले कित्येक दिवस माझं नाव तुम्हाला माहीत होतं. मी म्हणाले, "महानंदा संगप्पा हालकुडे." माझं नाव माझ्या तोंडून मी नीट ऐकलं ते त्या दिवशी, आणि मशीनमुळं दोनदा ऐकलं.

पुढं काय झालं ते लोक जादूसारखं सांगतात, आणि तसं ते नव्हतं. हेडफोन काढला की मी पुन्हा अडखळायची. ती पहिली संध्याकाळ मी रडून काढली. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात की असं का होतं ते तुम्हालाही ठाऊक नाही, पण बघू. रोज पदांचं काम झालं की आई शेजारी बसायची, मी हेडफोन लावून बोलायची, आणि तुम्ही बटणं फिरवायचात. आवाज फार उशिरा आला तर मी गोंधळायची, फार लवकर आला तर काही उपयोग व्हायचा नाही. मध्ये कुठंतरी एक जागा होती, तिथं शब्द आपोआप लांबायचे, आणि मी माझ्याच आवाजाच्या चालीनं चालायची. ती जागा सापडल्यावर तुम्ही बटणावर खडूनं रेघ ओढलीत. मग इको हळूहळू कमी करायला लागलात. आणि दर वेळी आधी सांगून. "आता थोडा कमी करतो, करू का?" मी मान हलवली की मगच. चोरून बटण बंद करून, बघ तुला येतं की, असा खेळ तुम्ही माझ्याशी एकदाही खेळला नाहीत. माझ्या बोलण्यावर तेव्हा जो तो उपाय करायचा. कुणी जिभेखाली खडा ठेवायला सांगायचं, कुणी अचानक ओरडून दचकवायचं. मला विचारून काही करणारे पहिले तुम्ही.

आणि मग चतुराबाई आल्या. टँकर कुठं, कधी येणार ते जीपच्या भोंग्यावरून सांगायच्या कॅसेट सिद्रामप्पांच्या दुकानात व्हायच्या. नवा जिल्हा, तर आवाजही तसाच पाहिजे म्हणून मामा स्वतः बोलायचे आणि तुम्हाला इको भरपूर लावायला सांगायचे. "घुमला पाहिजे, सरकारी वाटला पाहिजे." चतुराबाई औश्याकडच्या एका खेड्यातून रिकामी घागर काखेत घेऊन थेट दुकानात शिरल्या. जीपवर दुकानाची पाटी होती, ती वाचून कुणीतरी त्यांना धाडलं होतं. त्यांचं बोलणं मला अजून पाठ आहे. "भोंगा बोलतो का भूत बोलतंय वो तुमचं? मारुती तेवढं कळालं, बाकी समदं वं वं वं! आमी पाराखाली बसलाव घागरी घिऊन, अन् टँकर शाळंपाशी रिकामा झाला. लेकरं काय पितील, तुमचा आवाज?"

तुम्ही चतुराबाईंना बसायला दिलं, त्यांची घागर हौदातून भरून दिली, आणि ती कॅसेट लावून त्यांच्यासमोर ऐकलीत. टँकर मारुतीच्या पाराऐवजी शाळेपाशी उभा राहील, एवढं साधं वाक्य. 'ऐवजी' इकोमध्ये पार बुडालं होतं. तुम्ही म्हणालात, "मामा, हे कोरडं पाहिजे. आणि सावकाश. महानंदाला बोलू द्या."

"तिला?" मामा म्हणाले आणि माझ्याकडं बघून थांबले.

"तिला बोलायची घाई नाही," तुम्ही म्हणालात.

त्या दिवशी तुम्ही केलंत ते मला आज अधिक समजतं. मशीनचा आवाज तुम्ही फक्त माझ्या हेडफोनमध्ये सोडलात. टेपवर त्यातलं काही जाऊ दिलं नाही. माझ्या कानात माझ्यामागून माझा आवाज चालत होता आणि टेपवर एकटी, कोरडी मी. कागदावर वाक्य होतं आणि त्यात 'मारुतीच्या' होतं. तुम्ही विचारलंत, नुसतं 'पाराऐवजी' लिहू का? चतुराबाई म्हणाल्या, "गावात दोन पार हायेत." मग मीच नको म्हणून मान हलवली. 'मा' वर माझे ओठ मिटले. मिटलेलेच राहिले. टेप फिरत होती. कुणी माझ्या वतीनं बोललं नाही, कुणी हातवारे केले नाहीत, तुम्ही काचेपलीकडं जसे होतात तसेच. मग ओठ उघडले, आणि 'मारुतीच्या' बाहेर आलं, आणि त्याच्यामागं सगळं वाक्य. चतुराबाईंनी घागर कमरेवर घेतली. "आता कसं, मानसानं सांगितल्यावानी वाटलं," म्हणाल्या आणि गेल्या.

औश्याकडं जाताना ती जीप कॅसेट लावूनच मोंढ्यातूनही गेली. वडील तराजूपाशी होते. शेजारच्यांनी नंतर सांगितलं, मापं टाकता टाकता ते थांबले आणि जीपमागं चालत वळणापर्यंत गेले. घरी आले तेव्हा आईला काही विचारलं नाही, माझ्यासमोर येऊन बसले. "ते तू बोललीस?" मी हो म्हणायला गेले आणि अडखळले, कारण तिथं मशीन नव्हतं, आणि समोर वडील होते. त्यांचे ओठ माझ्यासाठी हलायला लागलेले मला दिसले. त्यांनी ते मिटून घेतले. माझं वाक्य मी कसंबसं संपवलं तोवर ते तसेच बसून होते. त्यानंतर त्यांनी माझ्या ऐवजी कधी उत्तर दिलं नाही. वडील गेले तेव्हा मला सगळ्यात आधी आठवले ते त्यांचे ते मिटलेले ओठ.

पाऊसकाळ लागला, ऑर्केस्ट्रावाले मशीन घेऊन गेले. पण ती चाल माझ्यात थोडी मुरली होती. आजही एखादा 'म' मला अडवतो, आणि मी त्याला अडवू देते. त्या वर्षीच्या दिवाळीत तुमचं आणि शिवकांताबाईंचं लग्न झालं, ते आधीच ठरलेलं होतं. मी मंडपात पदं म्हटली, आणि मनात आनंदच होता, हे मी खरं सांगते. मागं वळून तिथं दुसरं काही शोधायला जाऊ नये. पुढच्या उन्हाळ्यात मुखेडहून बसलिंगप्पा मला बघायला आले. नाव त्यांनीच विचारलं, मी सांगितलं, वेळ लागला. ते म्हणाले, "दुकानात दिवसभर घाईचीच माणसं येतात. घरात तरी कुणी सावकाश बोलणारं असू द्या." चांगला माणूस होता. त्यांच्या कापडाच्या दुकानात त्यांनी मला गल्ल्यावर बसवलं, गिऱ्हाइकाशी बोलायला लावलं, आणि भाव करताना मी अडले की गिऱ्हाईकच भाव वाढवून देतं म्हणून हसायचे. संसार भरून झाला. त्यांच्या शेवटच्या आजारात तुम्ही लातूरहून एसटीनं यायचात, त्यांच्या उशाशी रेडिओ नीट लावून द्यायचात. शिवकांताबाई कारळाची चटणी पाठवायच्या. मग त्याही गेल्या, आणि आपण दोघं फोनवर बोलायला लागलो. आधी सणासुदीला, मग दर सोमवारी, मग सोमवार कशाला हवा असं झालं.

गेल्या महिन्यात त्या फोनवरच तुम्ही विचारलंत की उरलेले दिवस आपण एकत्र काढू या का. मी काही बोलले नाही आणि फोन ठेवला. तुम्हाला वाटलं असेल मी अडखळले, किंवा रागावले. दोन्ही नाही. माझ्यावर तुमचे एवढे उपकार आहेत की मला वाटणारं उपकारापोटी वाटतं की आणखी कशापोटी, हे मलाच कळत नव्हतं. उपकार फेडायला कुणी कुणाच्या घरी नांदायला जाऊ नये, आणि तसं मी आले असते तर तुम्हालाही ते आवडलं नसतं. म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहून बघितलं. लिहिताना एक गोष्ट दिसली. ज्याचे उपकार असतात त्याच्यासमोर माणूस पदर सावरून बसतो. तुमच्याशी बोलताना मी पाय पसरून बसते, वरणात मीठ जास्त पडल्याचं सांगते, तुम्ही औषध चुकवलंत की चिडते, आणि फोन ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी सांगायच्या गोष्टी मनात साठवते. काल थोरल्याला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं. तो जरा वेळ उठून गच्चीवर गेला, खाली आला आणि म्हणाला, "काकांना म्हणावं, दुकान मात्र आईचंच राहील." सुनेनं माझा हात धरून ठेवला होता. तेव्हा दुकान मी सोडणार नाही. पंधरा दिवस मी लातूरला येईन, पंधरा दिवस तुम्ही इथं यायचं, कापडाची ठाणं उचलायला माणूस लागतोच. तुमच्या लेकीशी मी स्वतः बोलेन, तुम्ही सांगू नका. येत्या सोमवारी सकाळच्या गाडीनं निघते. स्टँडवर घ्यायला या. हाव, शिवमूर्ती. होच म्हणते मी.

तुमचीच,
महानंदा